इथे, इथे आणि इथे

माणूस जन्मभरात सर्वांत जास्त वेळा कोणतं वाक्य बोलतो, याची नोंद कुणी ठेवत नाही. वारकरी 'राम कृष्ण हरी' म्हणत असेल, नवरा 'हो, आणतो' म्हणत असेल. मी गेली बावीस वर्षं बँकेत क्लार्क आहे आणि माझं वाक्य ठरलेलं आहे : "इथे, इथे आणि इथे."

हे वाक्य म्हणताना पेन्सिलीने कागदावर तीन फुल्या मारायच्या असतात. समोरचं गिऱ्हाईक त्या फुल्यांवर सह्या करतं, "झालं ना?" म्हणतं आणि सुटल्यासारखं निघून जातं. फुल्यांच्या वर काय छापलंय ते गिऱ्हाईक वाचत नाही आणि खरं सांगायचं तर मीही कधी वाचलेलं नाही. बावीस वर्षांत सहीआधी कागद वाचायला बसलेली माणसं मला तीनच भेटली. एक निवृत्त न्यायाधीश होते, एक प्रूफरीडर होते आणि तिसऱ्यांना चष्मा नवीन लागला होता.

वास्तविक मी कॉमर्सचा पदवीधर. भारतीय करार कायदा, १८७२ हा विषय मला होता आणि त्यात छप्पन्न मार्कही होते. 'संमती'ची व्याख्या मला अजून येते. दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थाने कबूल झाली, की ती संमती. ही व्याख्या येत असलेल्या गृहस्थाने स्वतःच्या घराचं कर्ज काढताना, दुसऱ्या एका संस्थेत, चाळीसेक सह्या केल्या. चार वर्षांनी कळलं, की त्यातल्या एका सहीने मी एक विमाही घेऊन ठेवला होता आणि त्याचे हप्ते गुपचूप जात होते. भांडायला गेलो, तर तिथल्या क्लार्कने शांतपणे कागद काढून दाखवला. सही माझीच होती. फुलीच्या बरोबर मधोमध होती.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे रॉक अँड रोल.

दचकू नका. या विषयातलं माझं ज्ञान 'ईना मीना डीका'पाशी सुरू होऊन तिथेच संपत होतं. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, १९५७ च्या 'आशा' चित्रपटात ते गाणं केलं, आणि आमच्या तीर्थरूपांच्या मते पाश्चात्त्य संगीताने त्यापुढे जायची गरजच नव्हती. पण आमच्या चिरंजिवांनी गेल्या वर्षी गिटार घेतली. दर रविवारी सकाळी, मी पेपर उघडला रे उघडला, की आतल्या खोलीतून कुणीतरी किंचाळायला लागे. एकदा न राहवून विचारलं, "अरे, याला झालंय तरी काय?"

"बाबा, हा लिटल रिचर्ड. याने हे गाणं पन्नास डॉलरला विकलं होतं."

आता क्लार्कसमोर आकडा उच्चारायचा नसतो. सूर, ताल, लय यांतलं मला काही कळत नाही, पण पन्नास डॉलर मला कळतात. मी पेपर खाली ठेवला आणि त्या दिवसापासून या गायकांच्या उमेदवारीच्या दिवसांचं मिळेल ते वाचत सुटलो. संगीताचे परिच्छेद गाळायचे आणि रकमा वाचायच्या, अशी माझी पद्धत.

आधी ही मंडळी कोण ते सांगतो. काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा, देश अमेरिका. बहुतेक जण कृष्णवर्णीय आणि दक्षिणेकडचे. तिथे बसमधल्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे, आणि गाण्याच्या याद्यासुद्धा वेगळ्या. 'बिलबोर्ड' या धंद्याच्या साप्ताहिकात त्यांच्या रेकॉर्डींची जी वेगळी यादी येई, तिला 'रेस रेकॉर्ड्स' असं नाव होतं. १९४९ साली जेरी वेक्सलर या तिथल्याच लेखकाने ते बदलून 'रिदम अँड ब्लूज' असं बरं नाव सुचवलं. यादी मात्र वेगळीच राहिली. आपल्याकडेही नाव बदललं की सुधारणा झाली असं समजायची पद्धत आहे, त्यामुळे मला फारसं नवल वाटलं नाही.

गाण्याआधी ही मंडळी काय करत होती? न्यू ऑर्लिन्सचा फॅट्स डॉमिनो गाद्यांच्या स्प्रिंगा बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. लिटल रिचर्ड मेकन गावच्या बसस्टँडवर भांडी विसळत होता. सेंट लुईसचा चक बेरी मोटारींच्या कारखान्यात राबून झाल्यावर केशरचनेचं शिक्षण घेऊन बसला होता. बी. बी. किंग मिसिसिपीतल्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवत होता. सारांश, कुणाच्याही घरी वकील नव्हता. कॉमर्सचा पदवीधरही नव्हता, पण त्याचा किती उपयोग होतो ते वर सांगितलंच आहे.

रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्याही काही फार मोठ्या नव्हत्या. शिकागोची 'चेस' ही पोलंडहून आलेल्या दोन भावांची. मेम्फिसची 'सन' म्हणजे सॅम फिलिप्स हा एकटा माणूस आणि एक खोली. न्यूयॉर्कची 'अटलांटिक' १९४७ साली निघाली ती तुर्की राजदूताच्या मुलाने, अहमत अर्टेगुनने, आपल्या दातांच्या डॉक्टरकडून दहा हजार डॉलर घेतले तेव्हा. दातांच्या डॉक्टरकडून पैसे घेऊन बाहेर पडलेला माणूस मी दुसरा ऐकलेला नाही.

आता हिशेब कसा चालायचा ते बघा. रेकॉर्डच्या मागे दोन खाती असत. एक गाणाऱ्याचं आणि एक गाणं रचणाऱ्याचं. रचणाऱ्याच्या बाजूला तिथल्या कायद्याने दर रेकॉर्डमागे, दर गाण्याला दोन सेंट ठरलेले होते. ते प्रकाशक आणि रचनाकार वाटून घ्यायचे. गाणाऱ्याला रॉयल्टी किती, ते करारावर. आणि त्या रॉयल्टीतून स्टुडिओचं भाडं, वादकांचे पैसे, दिलेली उचल, सगळं आधी वळतं व्हायचं. म्हणजे गवयाच्या खात्यात जमेची एक नोंद होण्याआधी नावेच्या दहा नोंदी होऊन बसलेल्या. गाणं गाजतंय, रेकॉर्ड खपतेय आणि गवई थकबाकीदार! हे कोष्टक ज्याने बसवलं त्याला आमच्या कर्जखात्यात कुणीही आनंदाने घेतलं असतं.

आमच्या चिरंजिवांचा लिटल रिचर्ड १४ सप्टेंबर १९५५ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला आला होता. सकाळपासून गाणी काही जमेनात. मंडळी जेवायला बाहेर पडली, तिथे पियानो दिसल्यावर याने आपलं जुनं चावट गाणं हाणायला सुरुवात केली. कंपनीच्या माणसाने कान टवकारले. डोरोथी लाबॉस्ट्री नावाच्या बाईंना बसवून त्यातला चावटपणा धुऊन घेतला आणि उरल्यासुरल्या पंधरा-वीस मिनिटांत गाणं उरकलं. तेच 'टूटी फ्रूटी'. आपल्याकडे आइस्क्रीमवर घालतात ते पपईचे रंगीत तुकडे एवढाच मला या शब्दाचा अर्थ ठाऊक होता. पण हिशेब वाचल्यावर वाटलं, की नावातच तूट आहे. गाण्याचे प्रकाशनहक्क त्याने पन्नास डॉलरला लिहून दिले आणि रेकॉर्डमागे अर्धा सेंट रॉयल्टी पत्करली. पुढे पॅट बून या सालस गोऱ्या गायकाने तेच गाणं गाऊन सर्वसाधारण यादीत मूळ गाण्यापेक्षा वरचा नंबर पटकावला. लिटल रिचर्ड १९८४ साली कोर्टात गेला. मागणी ११ कोटी २० लाख डॉलरची. दोन वर्षांनी कोर्टाबाहेर तडजोड झाली. भांडी विसळणाऱ्या पोराला पन्नास डॉलर दिसले होते, आणि त्या दिवशी ते खरोखरच मोठे दिसले असणार.

चक बेरीची तऱ्हा निराळी. मे १९५५ मध्ये तो शिकागोला गेला, मडी वॉटर्स या बुजुर्गाला भेटला, त्याने 'चेस'कडे जायला सांगितलं, आणि २१ मे रोजी 'मेबलीन' रेकॉर्ड झालं. गाणं गाजलं. रॉयल्टीचा पहिला हिशेब हातात आला तेव्हा याला समजलं, की आपलं गाणं आपल्यासह तिघांनी रचलं आहे. दुसरा अॅलन फ्रीड. हा रेडिओवर रेकॉर्डी लावणारा निवेदक. 'रॉक अँड रोल' हा शब्दप्रयोग घरोघर पोचवला तो यानेच. गाणं रेडिओवर वाजायला हवं, तर वाजवणाऱ्यालाही त्यात वाटा हवा, असा साधा व्यवहार. तिसरा रस फ्रॅटो, कंपनीशी संबंध असलेला एक गृहस्थ. रेशनकार्डात भाच्याचं नाव घुसवावं तशी ही दोन नावं घुसली होती. ती काढून गाणं एकट्याच्या नावावर करायला चक बेरीला १९८६ साल उजाडलं.

याचा त्याने जन्माचा धडा घेतला. पुढे गावोगाव कार्यक्रम करताना सोबत फक्त गिटार, वादक त्या त्या गावचे, आणि पैसे रोख, स्टेजवर चढण्याआधी. माझ्यातला कॅशियर हे वाचून खूश झाला. पण रोखीला एक खोड असते, ती कर खात्याला दिसते. १९७९ साली करचुकवेगिरीबद्दल त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली. दुसऱ्यांच्या हिशेबाने पोळलेला माणूस शेवटी स्वतःच्या हिशेबात अडकला.

एल्विस प्रेस्लीचं नाव मलाही ठाऊक होतं. १९५३ च्या उन्हाळ्यात अठरा वर्षांच्या या पोराने 'सन'वाल्याच्या स्टुडिओत सुमारे चार डॉलर स्वतः भरून दोन गाण्यांची एक तबकडी करून घेतली. (तीच तबकडी २०१५ साली लिलावात तीन लाख डॉलरला गेली. इतकं व्याज आमची बँक देत नाही.) पुढे जुलै १९५४ मध्ये त्याने पहिली व्यावसायिक रेकॉर्ड केली, ती आर्थर क्रुडप नावाच्या कृष्णवर्णीय गवयाच्या 'दॅट्स ऑल राइट'ची. नोव्हेंबर १९५५ मध्ये सॅम फिलिप्सने एल्विसचा करार 'आरसीए'ला ३५,००० डॉलरला विकला. मेम्फिसचा मुलगा मुदत ठेवीच्या पावतीसारखा एका नावावरून दुसऱ्या नावावर गेला. त्याचं तरी भलं झालं. क्रुडपचं काय?

क्रुडपने ते गाणं १९४६ सालीच केलं होतं. एल्विसचा डंका जगभर वाजत असताना हा शेतमजुरी करत होता. सत्तरीच्या सुरुवातीला त्याच्या मॅनेजरने भांडून भांडून प्रकाशन कंपनीकडून ६०,००० डॉलरची तडजोड कबूल करून घेतली. न्यूयॉर्कला कागद तयार झाले. क्रुडपने सह्या केल्या. कागद सहीसाठी आतल्या खोलीत मालकाकडे गेले आणि तसेच परत आले. मालकाने विचार बदलला होता. १९७४ साली क्रुडप वारला. त्याच्या माणसांना पैसे मिळाले ते नंतर. इथे वाचताना मी थांबलो. कागद आत जातात आणि सही न होता परत येतात, तेव्हा काउंटरबाहेर उभ्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते मला चांगलं माहीत आहे.

'हाउंड डॉग'ची कथा ऐका. एल्विसने १९५६ साली गायलेलं हे गाणं, १९५२ साली बिग मामा थॉर्नटन या दणदणीत बाईंनी गायलं होतं. १९५३ मध्ये ते रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या नंबरवर सात आठवडे ठाण मांडून होतं. बाईंचं म्हणणं, आपल्याला एकदा पाचशे डॉलर मिळाले, पुन्हा काही नाही. गाणं रचणारी लीबर आणि स्टोलर ही एकोणीस-वीस वर्षांची दोन पोरं. त्यांना कंपनीमालकाने बाराशे डॉलरचा चेक दिला, तो वटलाच नाही. साता समुद्रापार, सत्तर वर्षांपूर्वीचा का असेना, न वटलेला चेक म्हटला की माझा हात आपोआप 'रिटर्न'च्या शिक्क्याकडे जातो.

पण या सगळ्यांत माझ्या मनाला लागली ती रूथ ब्राऊन. व्हर्जिनियातली ही मुलगी. वडील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख. तिने असली गाणी गावीत हे त्यांना पसंत नव्हतं, म्हणून ती घरातून पळून गेली. १९४८ साली 'अटलांटिक'ने तिला बोलावलं, आणि न्यूयॉर्कला जाताना वाटेत तिच्या मोटारीला अपघात झाला. दोन्ही पाय जायबंदी, कित्येक महिने इस्पितळात. कंपनी तिथे गेली. जानेवारी १९४९ मध्ये, तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, खाटेवर पडल्या पडल्या तिने करारावर सही केली. अर्टेगुनने भेट म्हणून एक पुस्तकही आणलं होतं, स्वरलिपी वाचायला शिकवणारं. करार वाचायला शिकवणारं पुस्तक कुणी आणलं नव्हतं.

आणि गंमत पाहा, त्या खाटेवरच्या मुलीने करावं तरी काय? पाय प्लास्टरमध्ये, इस्पितळाचं बिल वाढतंय, आणि एक कंपनी सांगतेय की आम्ही तुझ्यासाठी थांबतो. त्या घटकेला कुणी 'जरा कलम सात समजावून सांगता का?' असं विचारेल? मला वाटत होतं, लोक आळसाने वाचत नाहीत. तसं नसतं. ज्याला गरज आहे त्याला वाचायची भीती वाटते. वाचलं तर शंका येईल, विचारलं तर समोरचा कागद परत घेईल. न्यायाधीश वाचू शकतात, कारण त्यांचं अडलेलं नसतं. आणि मग माझ्या पाठांतरातली ती छप्पन्न मार्कांची व्याख्या आठवली. कंपनी कबूल झाली होती पुढच्या हिशेबाला, रूथ कबूल झाली होती रेकॉर्ड निघण्याला. कागद एक, सह्या दोन, आणि गोष्टीही दोन.

रूथने पुढे कंपनीला एवढी गाजलेली गाणी दिली, की 'अटलांटिक'ला लोक 'रूथने बांधलेलं घर' म्हणत. १९५० चं 'टिअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज' त्यातलंच. साठीच्या दशकात दिवस फिरले. घर बांधणारी रूथ लोकांच्या घरी धुणीभांडी करू लागली, शाळेची बस चालवू लागली. ऐंशीच्या दशकात हॉवेल बेगल हा वॉशिंग्टनचा वकील तिच्या जुन्या रेकॉर्डींवर सही घ्यायला आला. बोलता बोलता त्याला कळलं, की त्या रेकॉर्डी अजून विकल्या जातात, पण बाईंना पैसे येत नाहीत. त्याने फी न घेता केस हाती घेतली. कंपनीने खातं काढून दाखवलं, तर रूथच्या नावावर उलट येणंच निघत होतं. जुन्या रेकॉर्डिंगचे खर्च, व्यवस्थित मांडलेले.

भांडण वर्तमानपत्रांत गेलं, वॉशिंग्टनच्या राजकारण्यांपर्यंत गेलं. १९८८ साली कंपनीचा चाळिसावा वर्धापनदिन तोंडावर आला, तेव्हा कुठे तिने रूथची आणि बऱ्याच जुन्या गायकांची थकबाकी माफ केली आणि मागची रॉयल्टी द्यायचं कबूल केलं. जुन्या कलावंतांच्या मदतीसाठी एक प्रतिष्ठानही उभं राहिलं. पुढच्याच वर्षी रूथला ब्रॉडवेच्या रंगभूमीवरचा मानाचा टोनी पुरस्कार मिळाला. २००६ साली ती गेली, पण खातं जुळवून गेली.

मालक मंडळी सगळी राक्षस होती असं माझं म्हणणं नाही. त्या खोल्या-खोल्यांच्या कंपन्यांनी ही गाणी काढली नसती, तर मोठ्या कंपन्यांनी या मंडळींना दारातही उभं केलं नसतं. पण या साऱ्या गोंधळात करार नीट पारखून घेणारा एक गवई सापडला, त्याचं नाव रे चार्ल्स. १९५९ साली 'अटलांटिक' सोडून तो 'एबीसी-पॅरामाउंट'कडे गेला, तेव्हा त्याने आपल्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी स्वतःकडे ठेवणारं कलम मिळवलं. त्या काळात ही मालकी कुणाला स्वप्नातही मिळत नव्हती. आणि रे चार्ल्स सात वर्षांचा असल्यापासून आंधळा होता. सगळ्या डोळसांनी न वाचता सह्या केल्या आणि ज्याला दिसत नव्हतं त्याला बारीक अक्षरं दिसली! उघड आहे, त्याला कुणीतरी तो कागद वाचून दाखवला असणार.

हे वाचून झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात काउंटरवर एक आजी आल्या. मुदत ठेव संपली होती, ती पुन्हा ठेवायची होती. आमच्या इथे हल्ली ठेवीच्या फॉर्मला मागून एक दुसरा कागद जोडलेला असतो. मी सवयीने तीन फुल्या मारल्या आणि म्हणालो, "आजी, इथे, इथे आणि..."

"डोळ्यांचं आपरेशन झालंय रे बाबा. काय लिहिलंय ते वाचून दाखव ना जरा."

मागे रांगेत नऊ माणसं. केबिनच्या काचेतून साहेबांची नजर. मी वाचायला लागलो. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. पहिला कागद ठेवीचा निघाला. दुसऱ्या कागदावर तिसऱ्या ओळीत माझी गाडी अडखळली. अर्धी रक्कम ठेवीत, अर्धी विम्याच्या योजनेत, आणि ती पाच वर्षं काढता येणार नाही. मी खालच्या आवाजात, पण वाचलं.

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पाच वर्षं? अरे, दिवाळीत नातीचं लग्न आहे. मला नको हे."

"नको तर राहू दे, आजी."

"मग तू तिथे फुली कशाला मारलीस?"

या प्रश्नाचं उत्तर करार कायद्यात नाही. मी ड्रॉवर उघडला, खोडरबर शोधला आणि तिसरी फुली खोडली.